0-12 वरून फायनल, आणि तरीही चमत्कार नाही

परवा ऑफिसात जेवताना पुन्हा श्टुटगार्ट सर्जच्या 2023 च्या मोसमाचा विषय निघाला आणि पुन्हा कुणीतरी 'चमत्कार' म्हणालं. मला हा शब्द टोचतो. तिथे जर्मनमध्ये धड भांडता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

श्टुटगार्ट सर्ज हा आमच्या गावचा, जर्मनीतल्या श्टुटगार्टचा, अमेरिकन फुटबॉलचा संघ. 'युरोपियन लीग ऑफ फुटबॉल' 2021 मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनचा. 2022 च्या मोसमात त्यांनी बारा सामने खेळले आणि बाराही हरले. 2023 मध्ये तेच नाव, तेच गाझी स्टेडियम, आणि बारापैकी दहा सामने जिंकून फायनलपर्यंत मजल. लोक चमत्कार म्हणणारच. पण मी कोल्हापूरचा आहे, तालमींचा फुटबॉल बघत वाढलोय, त्यामुळे पोरं कुठून आली हा प्रश्न मला आधी पडतो.

खेळ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पहिल्या सामन्याचा अर्धा वेळ "हे सारखे थांबतात का?" यातच गेला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याच्या हातात. एवढं कळलं की बाकीचं कबड्डी बघितलेल्या माणसाला आपोआप कळतं. धरपकड ती धरपकडच.

आता मुद्द्याचं. तेव्हा या लीगमध्ये एका वेळी मैदानात अमेरिकन खेळाडू दोनच उतरवता यायचे. म्हणजे अकरातले नऊ युरोपचे, आणि त्यातही बहुतेक आसपासचेच. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, संध्याकाळी सराव. बऱ्याच जणांचा करार इथल्या 'मिनीजॉब'चा, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच पगार मिळणाऱ्या छोट्या नोकरीचा. 2023 मध्ये त्याची महिन्याची मर्यादा 520 युरो होती. एवढ्यात श्टुटगार्टमध्ये खोलीचं भाडंसुद्धा सुटत नाही. भारी अमेरिकन क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा गडी, पैसे टाकून आणता येतो हो. त्याच्यापुढे भिंत होऊन उभे राहणारे पाच दांडगे पोरगे कुठल्या दुकानात मिळतात? ते दहा-बारा वर्षं कुणीतरी घडवावे लागतात.

ते घडले श्वेबिश हालला. श्टुटगार्टहून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर, 40 हजारांच्या आसपास वस्तीचं, जुन्या मिठाच्या धंद्यावर मोठं झालेलं गाव. तिथला युनिकॉर्न्स हा क्लब 1983 पासूनचा. 2022 पर्यंत त्यांनी पाच वेळा जर्मन विजेतेपद मिळवलं: 2011, 2012, 2017, 2018 आणि 2022. यातली शेवटची तीन जॉर्डन न्यूमन या प्रशिक्षकाच्या हाताखाली. 2022 चं विजेतेपद झालं आणि न्यूमन श्टुटगार्टला आले. सोबत क्वार्टरबॅक रायली हेनेसी आला, आणि हालची बरीच पोरंही आली. झाला तुमचा चमत्कार!

मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. आणि हे मी सर्जचा शाल-टोपीवाला चाहता असून म्हणतोय.

इथल्या 'फेराइन'चं भाषांतर लोक क्लब असं करतात. मला तो शब्द पहिल्यांदा नीट कळला तो 'तालीम मंडळ' असा. वर्गणी, गल्लीतली पोरं, फुकट राबणारे काका, आणि मैदानाच्या कडेला सॉसेज भाजणाऱ्या त्यांच्या बायका. कोल्हापुरातही बाहेरचे खेळाडू आणायची हवा आली होती, नायजेरियापर्यंत गेली होती. पण तिथल्या पाटाकडील तालमीचा जीव पेठेतल्या पोरांतच राहिला. लीगचं तसं नसतं. लीगला गाव नसतं, फ्रँचायझी असते. त्याच 2023 च्या मोसमात याच लीगमधले लाइपझिग किंग्ज जुलैमध्ये दिवाळखोरीत जाऊन मधेच बंद पडले. तिथल्या प्रेक्षकांनी पुढच्या शनिवारी काय करायचं?

न्यूमन यांना मी दोष देत नाही. मोठं व्यासपीठ मिळालं तर माणूस जाणारच. पोरांनाही टीव्ही मिळाला, गर्दी मिळाली. 24 सप्टेंबरला डुइसबुर्गला फायनल झाली तेव्हा साडेएकतीस हजार लोक होते. समोर राइन फायर, साखळीत बाराच्या बारा जिंकलेले, आणि मैदानही त्यांच्याच घरचं. त्यांचे प्रशिक्षक जिम टॉमसुला, जे 2015 मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे मुख्य प्रशिक्षक होते. आम्ही 34 गुण केले आणि 53 खाल्ले. हरलो, पण आदल्या वर्षी एकही सामना न जिंकलेल्या संघाचे लोक त्या रात्री गाडीत गात परत आले. मी पण होतो. आवाज तीन दिवस बसला होता. 2025 ला आमच्याच गावात झालेल्या फायनलमध्ये व्हिएन्नाला 24-17 नं हरवून ते विजेतेपदही आलं, तेव्हा मी रडलो. तो वेगळा विषय.

पण ज्याकडे कुणी बघत नाही ते हे: प्रशिक्षक गेला, क्वार्टरबॅक गेला, तरी त्याच 2023 च्या शरदात युनिकॉर्न्स पुन्हा जर्मन बोलमध्ये, म्हणजे जर्मन लीगच्या अंतिम सामन्यात होते. पॉट्सडामकडून हरले. एकाच मशागतीवर एका वर्षात दोन लीगच्या दोन फायनल! चमत्कार म्हणायचाच असेल तर पत्ता तरी बरोबर लिहा की.

त्या उन्हाळ्यात गाझीला माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, डोक्यावर युनिकॉर्न्सची टोपी. सर्जच्या घोषणांना ते टाळी वाजवत नसत. पण मधूनच एखाद्या पोरानं समोरच्याला अंगावर घेऊन आडवं केलं की कोपरानं मला ढोसायचे आणि म्हणायचे, "हा आमचा." एका सामन्यात मी मोजलं, सात वेळा ढोसलं. शेवटची पाच मिनिटं मात्र ते कधीच थांबले नाहीत. हेसेंटालची, म्हणजे श्वेबिश हालची, गाडी पकडायची असायची.