भोक पाडा, पावर वाढवा

घरी स्वस्तातली चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची मशीन, आहे आणि ती बऱ्यापैकी चालते, अशा कास्तकार बंधूंसाठी हे चार शब्द. चालणारी मशीन घरात तशीच ठेवणं बरं दिसत नाही. तिची पावर वाढवून घ्या. एक पेचकस, एक कानस, ड्रिल आणि मोबाइलला नेट एवढं असलं की तुम्ही मेकॅनिक.

सुरुवात स्टिकरपासून करा. त्यावर 58 सीसी लिहिलंय ना? अशा बऱ्याच मशिनी मोजल्या तर पन्नास-पंचावन्नच्या आसपास भरतात, पण मोजायच्या कशाला? त्याच्यावर 72 चं स्टिकर चिकटवा. पावर वाढवण्याचा याहून निर्धोक उपाय मला तरी अजून सापडलेला नाही.

एअर फिल्टर काढून फेका. वावरातली धूळ इंजिनाला पौष्टिक असते.

आता सायलेन्सर. आधी आतली ठिणग्या अडवणारी जाळी काढा. मे महिन्यात धुऱ्यावरचं गवत नाहीतरी जाळायचंच असतं, त्यासोबत शेजाऱ्याची संत्र्याची बाग गेली तर तो त्याचा योग. मग ड्रिल घेऊन भोकं पाडा. किती, कुठं, केवढी असले प्रश्न विचारू नका. आवाज वाढला म्हणजे पावर वाढली, हे ज्याला पटत नसेल त्यानं वरातीतल्या डीजेवाल्याला विचारावं.

खोटं कशाला बोलू, धुराला वाट मोकळी मिळाली की मशिनीत थोडा दम येतो, हे खरं आहे. जाणता माणूस हे करतोही. पण वाट मोकळी झाली की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, म्हणून तो लगेच कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे फुल रेसला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा, थोडा उघडतो. तुम्ही उघडू नका. आवळा! आवळला की मशीन कशी किंचाळते, अंगावर काटा येतो. नीट लावलेली मशीन मोकळ्यात फुल रेस दिली की जराशी फडफडते आणि लाकडात शिरली की आवाज साफ होतो. ती फडफड म्हणजे जास्तीचं पेट्रोल, आणि त्यातलंच ऑइल पिस्टनला वाचवत असतं. पण आमच्या पोट्ट्यांना फडफड म्हणजे बिघाड वाटतो आणि किंचाळणं म्हणजे पावर.

त्यात आता पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलनं मिश्रण आपोआपच आणखी पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त. म्हणजे कंपनीनं लावलेला स्क्रूसुद्धा थोडा उघडावा लागेल, असे हे दिवस. पण तुम्ही उन्हाळ्यात भरलेलं पेट्रोल टाकीत ठेवून थेट दिवाळीनंतर दोरी ओढा. इथेनॉलनं हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं, कार्बोरेटरमधला पडदा कडक झालेला असतो. मग म्हणा, "चायना मालच असा."

पेट्रोलात कालवायच्या टूटी ऑइलचं माप डोळ्यांनी घ्या. लिटरला चाळीस मिली टाकणारे भित्रे असतात.

थोडे धाडसी असाल तर सिलिंडर खोला आणि बुडाचं पॅकिंग काढून टाका. या मशिनीचं हेड वेगळं नसतं, सिलिंडरसकट एकच ओतीव तुकडा. पॅकिंग गेलं की सिलिंडर खाली बसतो आणि कॉम्प्रेशन वाढतं, हेही खरंच. मात्र पिस्टन आणि माथा यांच्यात अर्धा मिलिमीटर तरी फट उरली पाहिजे. प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार आत घालायची, दोरीमागचं चाक, म्हणजे फ्लायव्हील, हातानं फिरवायचं आणि चेपलेली तार मोजायची, की फट कळते. एवढं करण्यापेक्षा सरळ दोरी ओढावी. पिस्टन वर आपटला तर आवाज येतोच.

फ्लायव्हील जागेवर धरणारी चावी घासून ठिणगीचं टायमिंग पुढं घ्यायला विसरू नका. दोरी उलटी झटका देते, बोटांना व्यायाम होतो.

आणि झाड सागाचं असेल तर परवानगीबिरवानगीच्या भानगडीत पडू नका. झाडतोडीचा कायदा 1964 चा आहे, आतापर्यंत म्हातारा झाला असेल.

हे सगळं ज्ञान मला कुठून मिळालं? माझ्या चुलत पुतण्याकडून. अवकाळीत धुऱ्यावरची बाभूळ आडवी झाली, रस्ता बंद, बंडी निघेना. तो मशीन मागायला आला. दिली. माझी मशीन, माझं पेट्रोल, मापानं कालवलेलं. परत आणली तेव्हा सायलेन्सरची चाळणी झालेली, बुडाशी काळं सिलिकॉन ओघळलेलं. म्हणे, "काका, थोडी पावर वाढवली. आता पाहा कशी चालते." पाहिली. संत्र्याची वाळलेली झाडं काढायला घेतली, दुसऱ्याच खोडात चिर्रर झालं आणि दोरी जागच्या जागी अडकली. सिलिंडर काढला तर पिस्टनच्या धूर निघायच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, ॲल्युमिनियम वितळून रिंगच्या खाचेत बसलेलं. रिंग नखानं सोडा, पेचकसानंही हलत नव्हती. बुडाशी नुसतं सिलिकॉन थापलेलं, तिथून हवा आत ओढत होती. एच स्क्रू? आवळलेला. अर्थात!

त्याला विचारलं, बाबा रे, हे केलंस काहून? तर म्हणे, बाभूळ कापायला दम लागत होता.

दम लागत होता! अरे, चेन पाहिली होती का चेन? बाभळीच्या सालीत माती, धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची जुनी तार रुतलेली, आणि तू त्यात भर म्हणून चेन फिरते तो बार जमिनीला टेकवलास. दात बोथट झाले. लाकडातून पिठासारखा भुगा पडत होता. धारदार चेन पीठ पाडत नाही, ढलप्या फेकते. 4.8 मिलिमीटरची गोल कानस मशिनीच्या पेटीतच होती, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून उघडलेलीसुद्धा नाही. प्रत्येक दाताला तीस अंशात दोन-तीन हात, एका बाजूचे झाले की दुसऱ्या बाजूचे. दात लाकडात किती शिरावा ते ठरवणारी दातापुढची ठेप वाढली असेल तर चपट्या कानशीनं दाताच्या टोकापेक्षा पाऊण मिलिमीटरच्या आत खाली. बिडी ओढायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. पण नाही, इंजिन खोलायचं! ज्या मशिनीला मिनिटाला दहा हजार फेरे मारताना पेट्रोलातल्या थेंबभर ऑइलशिवाय दुसरं वंगण नाही, तिचंच पेट्रोल तोडायचं, आणि वर मला सांगायचं की ती पावर वाढली!

सिलिंडर-पिस्टनचा किट तू आणणार आहेस, पॅकिंगसकट, आणि सायलेन्सर नवा. बसवणार मी. तू हात लावायचा नाहीस. पुन्हा झाड पडलं तर कोठ्यात कुऱ्हाड आहे, ती घेऊन जा. तिला तरी भोकं पाडू नको.