जेट एअरवेज पायलट लोकांच्या संपामुळे बंद पडली? नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय की 'पायलट संपावर गेले आणि जेट एअरवेज बुडाली'. हे चूक आहे, यात दोन वेगळी वर्षं एकात कालवलीयेत.

संपासारखं जे झालं ते सप्टेंबर 2009 मध्ये. पायलट लोकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नावाची युनियन काढली, मॅनेजमेंटने दोघांना नोकरीवरून काढलं, मग शेकडो पायलट एकदमच 'आजारी' पडले (कागदावर संप नाही, सिक लीव्ह!) आणि पाचेक दिवस फ्लाइट्स धडाधड रद्द झाल्या. शेवटी तडजोड झाली, काढलेल्यांना परत घेतलं. कंपनी त्यानंतर साडेनऊ वर्षं उडत होती.

2019 ची गोष्ट वेगळी. कर्ज 8000 कोटींच्या वर, विमानांचं भाडं थकलं म्हणून ती भाड्याने देणाऱ्या कंपन्या एकेक विमान जमिनीवर बसवत होत्या, पायलट आणि इंजिनिअर लोकांचे पगार जानेवारीपासून नाहीत. युनियनने 1 एप्रिलपासून उडवणार नाही असा इशारा दिला होता हे खरं, पण तो 15 एप्रिलवर ढकलला आणि तेव्हाही परत पुढे ढकलला, म्हणजे संप झालाच नाही. बँकांनी तातडीचे पैसे द्यायला नकार दिला आणि 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं.

महिनोन्‌महिने बिनपगारी विमान उडवणाऱ्यांवरच खापर फोडायचं म्हणजे कमालच आहे. तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका.