निकाल बुधवारी

काल ८ तास एका खोलीत बसून ८० प्रश्न सोडवून आले. मान आखडलीय, बोटांना मार्करची शाई लागलीय आणि डोक्यात अजून घनफुटांचे गुणाकार चालू आहेत. अमेरिकेतली पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरची परीक्षा. विषय सिव्हिल, त्यातही पाणी आणि पर्यावरण. निकाल बुधवारी लागेल, नाहीतर पुढच्या बुधवारी. ही मंडळी बुधवारच सांभाळतात. कळतं ते फक्त पास की नापास. पास झालेल्याला मार्क सांगतच नाहीत, आणि हे आमच्या आत्याला समजावणं परीक्षेपेक्षा अवघड आहे. "अगं पण टक्के किती?" हा तिचा प्रश्न मी दहावीपासून ऐकतेय.

निकालाआधीच लिहून टाकते. पास झाले तर हेच मिरवणं वाटेल, आणि नापास झाले तर कुरकुर.

प्रश्न काय होते ते विचारू नका. सुरुवातीलाच स्क्रीनवर कबुली घेतात की आतलं बाहेर सांगणार नाही. बाकीचं सांगते. सेंटरवर खिसे उलटे करून दाखवायचे, चष्मा काढून द्यायचा (काड्यांमध्ये कॅमेरा आहे का ते बघतात), बाह्या वर करायच्या. कागद-पेन नाही. लॅमिनेट केलेल्या पानांची एक वही आणि मार्कर देतात. भरली की हात वर करायचा, दुसरी मिळते. बालवाडीत पाटी होती, पस्तिशीत परत पाटीवर आले. मध्ये ५० मिनिटांची सुट्टी. पहिला भाग जमा केला की त्यातल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, त्यामुळे गाडीत बसून चपाती आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी सुटलेल्या दोन प्रश्नांचं श्राद्ध घातलं आणि परत आत गेले.

कॅल्क्युलेटर मात्र ओळखीचा होता. या परीक्षेला मोजकीच मॉडेल चालतात आणि त्यात कॅसिओचं एफएक्स-९९१ बसतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पुण्यात अप्पा बळवंत चौकात घेतलेला माझा ९९१ ईएस घासून घासून पांढरा पडलाय, पण चालतो. ४०० डॉलर फी भरलेल्या परीक्षेत सगळ्यात भरवशाची वस्तू तीच.

अभ्यासाला बसले तेव्हा पहिली धडक एककांशी झाली. आमचं सगळं शिक्षण न्यूटन, मीटर आणि मेगापास्कलमध्ये. इथे पौंड, फूट, किप (हजार पौंड म्हणजे एक किप), मिनिटाला किती गॅलन. पाण्याची घनता म्हणजे १००० हे हाडात मुरलेलं, ते काढून तिथे ६२.४ बसवायचं. ऑफिसात सॉफ्टवेअर सगळं करून देतं, त्यामुळे सहा वर्षं इथे काम करूनही ही एककं माझी झालेली नव्हती.

आणि मग एका रविवारी अण्णांचा फोन आला.

अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, कराडकडे. पावसाळ्यात आमच्या घरी जेवणाआधी कोयनेत किती टीएमसी झालं ते विचारलं जायचं. त्यांना म्हटलं, एकराचे स्क्वेअर फूट पाठ करतेय. ते हसले. "पाठ कशाला करायचं? गुंठा म्हंजे तेहतीस गुणिले तेहतीस. एक हजार एकोणनव्वद. त्याला चाळीसनं गुण."

४३,५६०. समोर उघडलेल्या परीक्षेच्या हँडबुकात हाच आकडा होता. सातबाऱ्यावरचा गुंठा आणि टेक्सासमधला एकर एकाच इंग्रजी साखळीनं मोजलेले, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. मग एकेक गाठ सुटत गेली. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तो तर रेडिओवर ऐकत मोठी झालेय. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. रेतीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आणि माझ्या रोजच्या कामातलं सूत्र, एका एकरावर तासाला एक इंच पाऊस पडला आणि सगळा वाहून गेला तर जवळपास एक क्युसेक, हे अण्णांनी कुठल्याही हँडबुकाशिवाय सांगितलं. ते इंजिनिअर नाहीत. खात्यात सगळे इंजिनिअर लोकांना 'साहेब' म्हणायचे आणि अण्णांना 'ओ कालवा'.

तर परीक्षेबद्दल माझं मत. वाईट नाही, पण ती जे मोजते ते फार थोडं आहे. पूर्वी ही परीक्षा वर्षातून दोनदा कागदावर व्हायची आणि पुस्तकं न्यायला परवानगी होती. ऑफिसातले जुने लोक सांगतात, ट्रॉलीतून पुस्तकं ओढत न्यायची, पानापानाला रंगीत चिकटपट्ट्या. २०२२ पासून सिव्हिलची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. आता पुस्तक स्क्रीनवरच असतं आणि त्यात शब्द शोधायचा. त्यामुळे निम्मी परीक्षा नेमका शब्द आठवण्याची होते. एका प्रश्नाला सरासरी सहा मिनिटं. सहा मिनिटांत पाइप किती इंची लागेल ते काढता येतं. पण तो पाइप जिथे रिकामा होणार आहे तिथे नाला खरंच आहे का, हे सहा मिनिटांत कळत नाही.

हे वाक्य माझं नाही, माझ्या वरिष्ठांचं आहे. ह्यूस्टनमध्ये आम्ही पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं करतो. नवीन वसाहत झाली की तिथलं पाणी थोडा वेळ अडवून हळूहळू सोडणारं तळं किती मोठं हवं, असलं. २०१७ च्या हार्वे वादळानंतर या शहरात पाऊस हा शब्द लोक हळू आवाजात उच्चारतात. २०१८ मध्ये पावसाचे आकडे नव्याने काढले, तेव्हा ज्याला आम्ही शंभर वर्षांतला पाऊस म्हणतो तो २४ तासांचा आकडा साधारण १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे ३७ इंच. हे सांगितलं तेव्हा मीटिंगमध्ये क्षणभर कुणीच बोललं नाही.) माझा पहिला मोठा रिपोर्ट वरिष्ठांनी तीन वेळा परत पाठवला. गणित बरोबर होतं. तिसऱ्यांदा म्हणाले, पाऊस पडून गेल्यावर जाऊन ये आणि नाला बघून ये, याच्याखाली माझं नाव जाणार आहे. गेले. नाला होता, पण अर्धा गाळाने भरलेला, आणि त्यात कुणीतरी सोफा टाकलेला.

इथे रिपोर्टवर परवानाधारक इंजिनिअरचा शिक्का लागतो. टेक्सासच्या शिक्क्यात मध्ये चांदणी असते, भोवती नाव आणि नंबर. तो मारला की जबाबदारी कंपनीची राहतेच, पण त्या माणसाचीही होते, नावानिशी. तोवर माझ्या कार्डावर 'इंजिनिअर इन ट्रेनिंग' असं छापलेलं आहे. गावात माझ्या नावामागे इंजिनिअर लागून बारा-तेरा वर्षं झाली. इथे मी अजून शिकाऊ.

टेक्सासला हा कायदा १९३७ चा आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यू लंडन नावाच्या गावात शाळेच्या तळघरात साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. गॅसला वास नव्हता, त्यामुळे गळती कुणाला कळलीच नाही. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळायची सक्ती झाली, आणि त्याच वर्षी इंजिनिअरला परवाना लागू लागला. स्वयंपाकघरात सिलिंडर गळला की जो घाण वास येतो ना, तो आणि माझी कालची परीक्षा नात्यानं बहिणी आहेत.

पण शिक्का म्हणजे तोडगा, असंही नाही. कॅन्सस सिटीत १९८१ मध्ये एका हॉटेलातले दोन लोंबते पूल कोसळले, ११४ माणसं मेली. मूळ कल्पना अशी की छतापासून खालपर्यंत अखंड सळ्या, दोन्ही पूल त्यांनाच लटकलेले. बांधताना सोय म्हणून सळीचे दोन तुकडे केले, आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला. एका दोरीला दोघं आपापल्या हातांनी लोंबकळणं वेगळं, आणि दुसऱ्यानं पहिल्याचे पाय धरून लोंबकळणं वेगळं. वरच्या सांध्यावर भार दुप्पट झाला. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरांचा शिक्का होता. त्या सांध्याचं गणित कुणी केलेलं नव्हतं. दोघांचे मिसुरीतले परवाने गेले. त्या दोघांनीही परीक्षा पास केलेली होतीच.

ही गोष्ट मी अभ्यासात पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आता जे लिहितेय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

इकडे यायच्या आधी मी महाराष्ट्रात दोन वर्षं साइटवर होते. एका गावात उंच पाण्याच्या टाकीचं काम होतं. गौरी-गणपतीला मी चार दिवस घरी गेले आणि नेमका तेव्हाच टाकीच्या तळाचा स्लॅब टाकला. काँक्रीट टाकतात तेव्हा त्याच मालातून सहा इंची क्यूब भरतात. त्यातले तीन क्यूब सात दिवसांनी फोडतात, तीन अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे माल किती मजबूत आहे ते कळतं. परत आले तर रजिस्टर तयार होतं, तारीख, वेळ, क्यूबचे नंबर, सगळं. सहीचा रकाना रिकामा. साहेब म्हणाले, "करा मॅडम सही, बिल अडलंय." मी म्हटलं, मी नव्हते त्या दिवशी. ते म्हणाले, "मग काय झालं? काँक्रीट तर होतं ना?" सगळे हसले. मीही हसले. आणि सही केली. २३ वर्षांची होते, त्या साइटवर एकटी मुलगी होते, हे सगळं खरं आहे आणि कामाचं नाही.

त्या दिवशी क्यूब भरले होते की नाही, मला आजही माहीत नाही.

टाकी उभी आहे. दर वेळी घरी गेले की वाट वाकडी करून तिथून जाते. खाली थांबते, तळाकडे बघते, ओल आली आहे का, गंजाचे डाग आहेत का. एकदा तिथल्या पाणीवाल्यानं विचारलं, "कुणाकडं आलाय?" काय सांगणार.

आपल्याकडे डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट या सगळ्यांना कायद्यानं नोंदणी आहे. आर्किटेक्टचा कायदा १९७२ चा. सिव्हिल इंजिनिअरसाठी तसा केंद्रीय कायदा मी हे लिहितेय तोवर झालेला नाही. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरला पदवी आणि अनुभव बघून परवाना देतात, तेवढंच. परवा कॉलेजच्या ग्रुपवर हा विषय निघाला तर लगेच सगळे म्हणाले, आपल्याकडेही अशी परीक्षा आणायला पाहिजे. मला नाही पटत. परीक्षा आणली तर सहा महिन्यांत पुण्यात तिचे क्लासेस निघतील, वर्षभरात गॅरंटीवाले क्लासेस, आणि पोरं ८० पैकी ८० काढतील. परीक्षा द्यायला आपण कधी घाबरलोय?

इथल्या व्यवस्थेत मला काही शिकवलं असेल तर ते परीक्षेच्या आधीच्या चार वर्षांनी. परवान्यासाठी साधारण तेवढा अनुभव लागतो, आणि तो परवानाधारक माणसानं बघितलेला लागतो. त्यांनीच लिहून द्यायचं असतं की हिच्यावर विसंबता येईल. त्या चार वर्षांत कुणीतरी तुमचा रिपोर्ट तीनदा परत पाठवतं, आणि तुम्ही चिडत चिडत सोफा पडलेला नाला बघून येता. साइटवर माझ्या साहेबांवरचे साहेब होते, त्यांच्यावरचे होते, पण "मी बघितल्याशिवाय सही करणार नाही" असं म्हणताना मी एकालाही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर मी नक्की तसं म्हटलं असतं, असा दावा नाही. पण असं म्हणता येतं हे तरी कळलं असतं.

उगाच अमेरिकेची आरती नको म्हणून हेही सांगते. इथलेही बहुतेक इंजिनिअर हा परवाना काढतच नाहीत. मोटारी, विमानं, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांतल्या लोकांना तो लागत नाही. आणि सहीविषयीचे प्रश्न कालच्या ८ तासांच्या परीक्षेतले नव्हेत. टेक्सासमध्ये कायदा आणि नीतिमत्तेची वेगळी परीक्षा असते. ती घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून द्यायची. न बघितलेल्या कामावर शिक्का मारावा का, याचं उत्तर मी सोफ्यावर लोळत, चहा पीत दिलं. बरोबर दिलं.

काल संध्याकाळी अण्णांना फोन केला. कसा गेला पेपर विचारलं नाही, पहिल्यांदा विचारलं ते, "गुंठा कामाला आला का?" म्हटलं, सांगायची परवानगी नाही. त्यावर बराच वेळ हसले. मग म्हणाले, "म्हंजे आता तुझ्या सहीला किंमत येणार म्हणायची."

मी "हो" म्हटलं आणि विषय बदलला, कोयनेत किती झालंय ते विचारलं. टाकीचं नाही सांगितलं. अण्णा फेसबुकवर नाहीत. पण आत्या आहे, आणि ती माझी प्रत्येक पोस्ट शेवटपर्यंत वाचते, त्यामुळे उद्या सकाळच्या चहापर्यंत कळेलच.