लायनिंग दिसते म्हणून ब्रेक शाबूत, हे कोणी सांगितले?

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की ब्रेक पॅडवर लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासला जाणारा थर, दिसत असेपर्यंत पॅड बदलू नयेत, खरखर ऐकू आली की मगच बदलावेत. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला दाबून धरतात ती चकती, बिडाची असल्याने गाडीच्या आयुष्यभर पुरते, चरे पडले तर लेथवर घासून घ्यावी. आणि ब्रेक ऑइल कमी झाले तर नुसते भरावे. हे वाचून माझ्या मामांनी ओंकारेश्वरला निघण्याआधी ठरलेले पॅड बदलण्याचे काम रद्द केले. त्या वाटेवर भेरूघाट उतरावा लागतो, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, मामांना तरी ठाऊक आहे.

डिस्क झिजत नाही, हा यातला सर्वांत बेजबाबदार दावा आहे, आणि तो खोडायला तज्ज्ञ शोधावा लागत नाही. बहुतेक डिस्कवरच, मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेवर, 'मिन टीएच' या रोमन अक्षरांपुढे किमान जाडीचा आकडा उमटवलेला असतो. नवी डिस्क 22 मिमीची असेल, तर ही मर्यादा बहुधा 20 मिमीच्या आसपास असते; म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून जेमतेम 2 मिमी झीज चालते. लेथ याच 2 मिमीतून धातू काढतो. घासल्यानंतरही डिस्क त्या आकड्याच्या वर राहणार असेल तरच घासण्याला अर्थ आहे. जाडीही मायक्रोमीटरने, पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यात मोजावी लागते. बाहेरच्या काठावर न झिजलेली कड उभी राहते आणि तिच्यावर व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, टेकवला की झिजलेली डिस्कही नवी वाटते.

पातळ डिस्कमध्ये उष्णता सामावायला लोखंडच कमी उरते. इंजिनाचा रोध आणि वाऱ्याचा अडथळा बाजूला ठेवला, तर 100 मीटर उंची केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरण्यात जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, तेवढी ताशी 80 किमीवरून गाडी चार वेळा पूर्ण थांबवण्यात जिरते, आणि घाटात मध्ये गार व्हायला सवड मिळत नाही. शिवाय डिस्क पातळ आणि पॅडही संपलेले असले, की कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन नेहमीपेक्षा बराच बाहेर येतो. तो सीलबाहेर सरकला तर ऑइल गळते आणि पेडल खाली जाते. त्या वेळी वाचवलेल्या पैशांचा हिशेब कोण मांडणार?

खरखरीची वाट पाहणे त्याखालोखाल घातक. ज्या पॅडला झीज दाखवणारी पत्र्याची जीभ असते, ती साधारण 2 मिमी लायनिंग उरल्यावर डिस्कला लागून चिरका आवाज करते. पण ती प्रत्येक पॅडला नसते. खरखर त्यानंतरची, लोखंडावर लोखंड घासण्याची. नव्या पॅडवर 10 ते 12 मिमी लायनिंग असते आणि 3 मिमी उरले की पॅड बदलावेत, हा रूढ प्रघात आहे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या तर आतला आधी संपतो, आणि पाहणारा पुष्कळदा मागची लोखंडी पट्टीच लायनिंग समजून मोजतो.

गॅरेजवाले उगाच खर्च काढतात, ही तक्रार मात्र पूर्ण खोटी नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. 6 मिमी उरलेले पॅड 'संपले' म्हणून सांगणारे आहेत, आणि पॅडच्या प्रत्येक जोडीबरोबर डिस्क बदलायलाच हवी असेही नाही. त्यावरचा उपाय म्हणजे चाक काढायला लावून आपल्यासमोर मोजून घेणे.

उरले ब्रेक ऑइल. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. तिथे नुसती भर घातली की झिजेची ही खूण झाकली जाते, गळती असेल तर तीही लपते. आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, की तेच जास्तीचे ऑइल टाकीबाहेर येऊन बॉनेटखालचा रंग खाते.