संदर्भ कुठवर पुरतो? दुर्बिणीच्या वाक्यावरच्या आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘आय सॉ द मॅन विथ अ टेलिस्कोप’सारखी (दुर्बीण पाहणाऱ्याकडे की दिसलेल्या माणसाकडे?) दुहेरी अर्थाची वाक्यं व्याकरणाच्या वर्गातच सापडतात, रोजच्या इंग्रजीत संदर्भाने सगळं उलगडतं, आणि उरलंसुरलं एक स्वल्पविराम निस्तरतो.

संदर्भाबद्दल बोलायचं तर तो एकच काम चोख करतो: अशक्य अर्थ बाद करतो. ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ की पैशाची पेढी, हे विषयावरून लगेच ठरतं, कारण दोन्ही अर्थ एका जागी सहसा येत नाहीत. पण ‘बायवीकली’ घ्या. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? बैठकीला दोन्ही शोभतात. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. समितीच्या अहवालात दोन्ही सुखाने नांदू शकतात. शब्दाला दहा अर्थ असले तरी बिघडत नाही, एकाच प्रसंगात बसणारे दोन असले की बिघडतं. रचनेचंही असंच आहे, फक्त तिथे धोका दिसत नाही, कारण प्रत्येक शब्द ओळखीचा असतो.

वर्गाबाहेरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्याचा जादा कामाच्या मोबदल्याचा कायदा पाहा. आठवड्याला 40 तासांपुढच्या कामाला दीडपट वेतन, पण काही कामांना सूट. नाशवंत पदार्थ, मांस-मासळी आणि शेतमाल यांच्या बाबतीतली ही कामं अशी दिली होती: ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नाही. ओकहर्स्ट डेअरी या दूध कंपनीचे चालक माल पोचवत, बांधत नसत, आणि जादा मोबदल्यासाठी ते न्यायालयात गेले. वितरण हे यादीतलं वेगळं काम मानलं तर त्यांना जादा मोबदला नाही. ‘पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणी’ असं एकच काम मानलं तर आहे.

आता दोन्ही बाजूंचे मुद्दे पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. चालकांचे वकील म्हणाले, यादीतलं प्रत्येक काम ‘इंग’ने संपतं, ‘डिस्ट्रिब्यूशन’ तसं नाही, ते ‘शिपमेंट’चं जोडीदार नाम आहे, म्हणून दोन्ही ‘फॉर’च्या अंमलाखाली. कंपनी म्हणाली, मग ‘पॅकिंग’ हीच शेवटची बाब झाली, आणि तिच्याआधी ‘ऑर’ कुठे आहे? इंग्रजी यादी शेवटच्या बाबीआधी उभयान्वयी अव्ययाशिवाय क्वचितच संपते. शिवाय राज्याच्या मसुदालेखनाच्या नियमावलीतच यादीतल्या शेवटच्या स्वल्पविरामाला मनाई होती! दोन्ही युक्तिवाद व्याकरणशुद्ध. जिल्हा न्यायालयाने कंपनीचा अर्थ घेतला. मार्च 2017 मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि कामगारांच्या हिताचा अर्थ उचलला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. संदर्भ सगळ्यांना पाठ होता. कायद्याचा हेतू एकीकडे ओढत होता, नियमावली दुसरीकडे.

तुम्ही म्हणाल, स्वल्पविराम असता तर वाद मिटला असता. या वाक्यात, हो. पण पुढे विधिमंडळाने दुरुस्ती करताना काय केलं ते बघा: बाबींमध्ये अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ही केलं. विरामचिन्ह आणि शब्दरूप, दोन्ही. उलट ‘माय सिस्टर, अ डॉक्टर, अँड अ नर्स’ इथे तोच शेवटचा स्वल्पविराम नवा घोळ घालतो: तीन माणसं, की बहीणच डॉक्टर आणि सोबत एक परिचारिका? तो काढला तर बहीण एकटीच डॉक्टर आणि परिचारिका ठरू शकते.

‘विथ अ टेलिस्कोप’सारख्या शब्दयोगी अव्ययांच्या पदबंधांपुढे तर विरामचिन्हं जवळजवळ हतबल असतात. कर्मानंतर असा एक पदबंध आला की जोडणीचे मार्ग दोन. ‘आय सॉ द मॅन ऑन द हिल विथ अ टेलिस्कोप’मध्ये दोन पदबंध, मार्ग पाच. तिसरा जोडला की चौदा, चौथ्याला बेचाळीस. बहुतेक हास्यास्पद असतात आणि तुमचा संदर्भ ते झाडून टाकतो. उरलेले दोन-तीन मात्र सभ्य दिसतात.

मसुदा तपासताना मी म्हणेन, पदबंध उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेऊन पाहा. ‘विथ अ टेलिस्कोप, आय सॉ द मॅन’ म्हटल्यावर हवा तोच अर्थ आला तर तसंच ठेवा. नाही आला तर ‘हू हॅड अ टेलिस्कोप’ असं उपवाक्य करा. ‘ओल्ड मेन अँड विमेन’ची अदलाबदल करा: ‘विमेन अँड ओल्ड मेन’. स्त्रियाही वृद्धच हव्या असतील तर विशेषण दोनदा लिहा, शाईचा खर्च सोसावा. यादीतल्या सगळ्या बाबी एकाच रूपात आणा आणि पैशाचा प्रश्न असेल तर प्रत्येक बाब वेगळ्या ओळीवर, क्रमांकासह.

जाता जाता तुमचा टोमणा, ‘मराठीत असलं काही नसतंच जणू’. असतं की. ‘मी त्याला पळताना पाहिलं’ यात पळणारा कोण? पण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामालाच चिकटत असल्यामुळे आपली पेच पडण्याची ठिकाणं वेगळी आहेत. म्हणून इंग्रजी करार मराठीत आणणाऱ्यांनी जपावं. वरचं कलम ‘पाठवणी किंवा वितरणासाठी बांधणी’ असं लिहिलं तर चालक जिंकतात. ‘पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण’ लिहिलं तर कंपनीचं पारडं जड होतं. ‘साठी’ची जागा ठरवण्याआधी दोन्ही वाक्यं मसुदाकाराला लेखी पाठवून त्याचं लेखी उत्तर घ्यावं, अनुवादकाने परस्पर निकाल देऊ नये.