पॅटचे गुण वर जातात, खाली काय येतं?

शाळांतल्या पॅटची संकलित चाचणी संपली की कोणत्या केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, सरासरी किती, कोणती शाळा तळाला, याची चर्चा सुरू होते. या सरासरीवर शाळेची किंमत ठरवू नका, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे.

पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. वर्षात पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन. विषय प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्यस्तरावरून येते, पेपर तपासतो वर्गशिक्षक आणि गुणही तोच मोबाइलवरच्या सरकारी चॅटबॉटवर भरतो. मूल कुठे अडतंय हे शिक्षकाला कळण्यासाठी ही पद्धत चांगलीच आहे. पण त्याच गुणांवर त्याच शिक्षकाला जोखायचं म्हटलं की हात सैल सुटतो. काटेकोर तपासणारी शाळा मग मागे दिसते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात नमुना शाळा निवडतात आणि चाचणी घ्यायला बाहेरचे अन्वेषक येतात. जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर ते तिथून घ्यावं.

लहान शाळेत तर गणितच आड येतं. तिसरीत चार मुलं आहेत आणि एकाचे 20 गुण कमी आले, तर वर्गाची सरासरी 5 ने पडते. 40 च्या वर्गात तेवढ्यानेच ती अर्ध्या गुणाने हलते. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीला 60 मुलांच्या पटापर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे एकाकडे तीन वर्ग, एकाच वेळी.

आणि भाषा! मेळघाटात घरी कोरकू, धडगावकडे पावरी, भामरागडला माडिया. ‘दुकानदाराकडील 125 पेनांपैकी 48 विकले, तर किती उरले?’ यात मूल अडतं ते ‘पैकी’ आणि ‘उरले’ या शब्दांवर. 125 वजा 48 अशी उभी मांडणी दिली की तेच मूल हातचा घेऊन 77 काढतं. तरी शून्य पडतो तो गणितात. असं उदाहरण चुकलं की तेच तोंडी, घरच्या भाषेत विचारून पाहावं आणि नोंद वेगळी ठेवावी. चॅटबॉटला फक्त आकडा कळतो.

आता पैसा. समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या शालेय योजनेच्या निकषांत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000. किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. छोट्या शाळेकडे उरले 9,000, महिन्याला 750. त्यात वीजबिल, खडू, कागद, नेट, किरकोळ दुरुस्ती. मागे पडलेल्या मुलांसाठी वाचनाची पुस्तकं कुठून आणायची? निकाल कितीही वाईट लागला तरी या सूत्रात एक रुपया वाढत नाही. उलट 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणाऱ्या, निर्णयाने सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. जिथे हात हवेत तिथलेच काढले जातात, हे मला अन्यायाचं वाटतं.

पॅटचे गुण शाळेतच राहू द्या, क्रमवारी बंद करा. अनुदानात पटाबरोबर बहुवर्ग अध्यापन (एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग) आणि घरची वेगळी भाषा यांना वेगळी रक्कम जोडा, आणि ती जूनमध्ये, पायाभूत चाचणीच्या आधी खात्यावर जमा करा.