डावखुऱ्याच्या पटरचं माप : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही प्रतिक्रियेत वय लिहिलंत, म्हणून काका म्हणते. ‘डावखुऱ्याने मापाशिवाय पटर घेऊ नये’ या माझ्या लेखाखाली (पटर म्हणजे गोल्फमध्ये चेंडू हळूच होलकडे ढकलायची काठी, आणि तो फटका म्हणजे पट) तुम्ही जे लिहिलंत ते मी तीन-चारदा वाचलं आणि दोन दिवस डोक्यात घोळवलं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की पटर म्हणजे शेवटी एक काठी आणि तिचं माप घेत बसणं हे पैसेवाल्यांचे लाड. पटिंगला ताकद लागतच नाही, तेव्हा डावखुऱ्याने मुकाट्याने उजव्या बाजूचा सेट घ्यावा. गोल्फपटू फिल मिकलसन मुळात उजवा असून डाव्या बाजूने खेळतो, म्हणजे हाताला काही अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी मारता येणारा पटर नियमात बसत नाही, हे माझं विधान साफ चुकीचं. आणि शेवटी एक घरगुती गोष्ट : त्यांची ११ वर्षांची नात डावखुरी आहे, ते तिला उजव्या बाजूने शिकवताहेत, आणि माझा लेख वाचल्यापासून नातीच्या आईच्या मनात शंका आली आहे.

माझी चूक आधी दुरुस्त करते. पटरला दोन फेस, म्हणजे चेंडूला लागणारी तोंडं, असलेली नियमांना चालतात. अट एवढीच, की दोन्ही फेस सारखे हवेत, दोन्हींचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला कोन, एकच हवा आणि तो १० अंशांच्या वर नको. माझा घोटाळा चिपरवरून, म्हणजे ग्रीनच्या बाहेरून चेंडू थोडा उचलून मारायच्या काठीवरून, झाला. दोन तोंडांचा चिपर नियमबाह्य आहे, आणि मी तोच नियम न तपासता पटरला लावला. लेखातलं ते वाक्य काल बदललं. अमेरिकेचा गोल्फपटू नोटा बेगे तर उतार कुठल्या बाजूला आहे ते पाहून कधी डावीकडून, कधी उजवीकडून पट करायचा, आणि तेही व्यावसायिक स्पर्धांमध्ये. ही चूक दाखवलीत त्याबद्दल मनापासून आभार. एखाद्या डावखुऱ्याने माझ्यावर विसंबून असा पटर हातचा घालवला असता तर मला फार वाईट वाटलं असतं.

पण तुम्ही पुढे म्हणता, की मग असाच एक पटर घ्यावा आणि विषय मिटवावा. तुमच्या क्लबात पूर्वी एक पितळी बुल्स आय, म्हणजे दोन तोंडांचा जुना पटर, होता आणि तो दोघे-तिघे आलटून पालटून वापरायचे, असं तुम्ही लिहिलंय. वाचून छान वाटलं. नवशिक्या डावखुऱ्यासाठी ती सोय उत्तमच. मात्र दोन्ही बाजूंनी मारायचं तर पटरचं डोकं सपाट आणि पातळ ठेवावं लागतं. मॅलेट, म्हणजे मोठ्या डोक्याच्या पटरसारखा मागे पसारा देता येत नाही, त्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही की अंतर लगेच कमी पडतं. शाफ्ट फेसच्या किंचित पुढे ठेवण्याची, म्हणजे ऑफसेटची, सोयही उरत नाही, कारण एका बाजूचं पुढे ते दुसऱ्या बाजूचं मागे. ज्याला अशी सडपातळ पट्टी आवडते त्याने ती जरूर वापरावी. पण डावखुऱ्याच्या वाट्याला तेवढीच यावी, हे मला मान्य नाही.

आता काठीचा मुद्दा. होलचा व्यास सव्वाचार इंच. १० फुटांवरून सपाट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पट करताना फेस फक्त १ अंश वाकडा लागला, तर होलपर्यंत पोचताना चेंडू दोन इंचांहून थोडा जास्त बाजूला सरकतो. म्हणजे मध्यावर नेम धरलेला चेंडू थेट होलच्या काठावर. एवढ्या बारीक फरकावर ज्याचं काम चालतं, त्याची लांबी आणि तोल तुमच्या अंगाला जुळणारा नसेल, तर प्रत्येक पटला तुमचे हात आधी ती चूक निस्तरतात आणि मग चेंडू मारतात. ताकद लागत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण म्हणूनच तर इथे बारकावा जास्त लागतो.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे. माझी उंची ५ फूट २ इंच. माझा पहिला पटर ३५ इंची होता, कारण त्या दुकानात डाव्या बाजूचा तेवढा एकच होता. उंच पुरुषासाठी केलेला. मी तो दोन इंच खाली धरायचे, वरचा दांडा पोटाला अडायचा. तो अडू नये म्हणून मी चेंडूपासून लांब उभी राहायचे, हात खाली जायचे, पटरचा टो, म्हणजे डोक्याचं बाहेरचं टोक, हवेत उचलला जायचा आणि चेंडू हीलकडे, म्हणजे आपल्या पायांकडच्या टोकाकडे, लागायचा. तीन वर्षं मी समजत होते की माझं मनगट सैल आहे.

मग पैसे साठवून मी दुसऱ्या एका दुकानात फिटिंग, म्हणजे अंगाचं माप, करून घ्यायला गेले. तिथे डाव्या बाजूचा एकही पटर चाचणीला नव्हता. माप घेणारा म्हणाला, मॅडम, तुम्ही उजव्यासारख्या उभ्या राहा, मी माप घेतो आणि ऑर्डर डाव्याची टाकतो, उलटं करून सगळं सारखंच. मी विश्वास ठेवला. पण उजव्या बाजूने मी जन्मात कधी उभी राहिले नव्हते. खांबासारखी ताठ उभी होते, गुडघ्यात वाक नव्हता, हात अंगापासून सुटलेले. माप निघालं साडेचौतीस. नऊ आठवड्यांनी पटर आला, आणि खास मागवलेला म्हणून परत घेणार नाही असं सांगितलं गेलं. काका, त्या दिवशी रिक्षात मी रडले. पैशांचं दुःख होतंच. पण तीन वर्षं चुकीच्या काठीशी झगडल्यावर निदान माप घेणाऱ्याने तरी मला माझ्या बाजूने उभं करून पाहायला हवं होतं.

खरं माप पुढे एका प्रशिक्षकाने घेतलं. साधा आरसा, टेप आणि त्यांच्या एका डावखुऱ्या विद्यार्थ्याचा उसना पटर. अर्ध्या तासाचं काम. निघालं पावणेतेहेतीस इंच.

तुम्ही ज्याला लाड म्हणता त्याबद्दल माझं मत नेमकं उलटं आहे. उजव्या बाजूने खेळणाऱ्याचं मापावाचून एक वेळ भागेल. तो दुकानात जाईल, वीस पटर हातात घेऊन पाहील, दहा-दहा पट मारील आणि हाताला बरा वाटेल तो उचलेल. त्याच्याकडे निवड आहे, आणि निवड असली की माप आपोआप होतं. डावखुऱ्याला दुकानात एक मॅलेट आणि एक ब्लेड, म्हणजे सडपातळ डोक्याचा पटर, दिसतात, कधी तेही नाहीत. त्याला न बघता, न हाताळता, दुसऱ्या शहरातून किंवा परदेशातून मागवावं लागतं. तेव्हा त्याच्या हातात काय असतं? फक्त आकडे. लांबी किती, लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) किती, डोकं साधारण किती वजनाचं, बोटावर आडवा तोलला की टो खाली झुकणारा की फेस आकाशाकडे वर राहणारा. एवढं ठाऊक असेल तर जुना, वापरलेला पटरसुद्धा डोळे मिटून घेता येतो. माझा सध्याचा पटर असाच कॅनडातल्या मावसभावाने पाठवलेला, कुणीतरी पाच-सहा वर्षं वापरलेला आहे.

कॅनडाचा उल्लेख मुद्दाम केला. तिथे डाव्या बाजूने खेळणारे पुष्कळ, म्हणून दुकानांत मालही पुष्कळ. त्याचं मूळ बर्फावरच्या हॉकीत सांगतात. तिथली बरीच उजवी मुलं स्टिकच्या वरच्या टोकाला आपला जोरकस उजवा हात ठेवतात, त्यामुळे ती डाव्या बाजूने मारायला शिकतात, आणि मोठेपणी गोल्फची काठीही तशीच धरतात.

इथेच मिकलसनचं उत्तर आहे. लहानपणी तो वडिलांसमोर उभा राहून आरशासारखी त्यांची नक्कल करायचा आणि तीच बाजू अंगात मुरली. १९६३ साली ब्रिटिश ओपन जिंकून डाव्या बाजूने मेजर, म्हणजे गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा पहिला खेळाडू ठरला तो न्यूझीलंडचा बॉब चार्ल्स, तोही एरवी उजवाच. त्यानंतर तशी दुसरी मेजर यायला ४० वर्षं लागली. २००३ चं मास्टर्स जिंकणारा माइक वेअर कॅनडाचाच. मुलगा असताना त्याने थोर गोल्फपटू जॅक निकलसला पत्र लिहून विचारलं होतं, की उजव्या बाजूला वळू का? निकलसने कळवलं, आहेस तसाच खेळ. २०२३ चं ब्रिटिश ओपन जिंकणारा ब्रायन हारमनही एरवी उजवा. उलट बाजूने पाहा : आपला सचिन लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करतो उजव्या बाजूने.

यावरून हाताला अर्थ नाही असं निघत नाही. निघतं ते एवढंच, की लिहिण्याचा हात आणि खेळण्याची बाजू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाजू शरीराने स्वतः शोधलेली असते. मिकलसनला कुणी बळजबरीने डावीकडे उभं केलं नव्हतं. आपल्याकडे मात्र डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून हातावर चापट खाल्लेली कितीतरी मुलं आहेत, मीही त्यांतलीच. म्हणून ‘सरळ उजव्या हाताने शिक’ हे वाक्य ऐकलं की मला ते नुसतं सोयीचं वाटत नाही.

तरीही एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगायला हवी. तुमची नात उजव्या बाजूने खेळली तर तिचा डावा हात ग्रिपवर, म्हणजे दांड्याच्या मुठीवर, वर येतो, म्हणजे पुढचा हात तिचा जोरकस हात ठरतो. हे तिला मानवूही शकेल. आणि तसं असेल तर तिला आयुष्यभर दुकानात निवड मिळेल, तेही थोडंथोडकं नाही. तेव्हा तिने डावीकडूनच खेळावं, असा माझा हट्ट मुळीच नाही. तिला विचारलं गेलं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

विचारायचं कसं, तर असं. तो दोन तोंडांचा पटर अजून क्लबात असेल तर आठवडाभर तिच्या हातात द्या. नसेल तर घरातला झाडूचा दांडा आणि टेनिसचा चेंडूही चालेल. कुठल्या बाजूने मार हे सांगू नका. सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवा आणि खेळू द्या. दोन-तीन दिवस ती दोन्ही बाजूंनी गंमत करील, मग दमलेली असताना किंवा पैज लावल्यावर न विचारता एका बाजूला उभी राहील. ती तिची बाजू.

त्यानंतर माप, आणि त्याला एक पैसा लागत नाही. तिला वाकून उभं राहू द्या, हात सैल लोंबू द्या. दोन्ही तळवे जुळतात तिथून चेंडूमागच्या जमिनीपर्यंत, शाफ्ट जसा तिरका जाईल तसाच टेप धरा आणि हातांच्या वर उरणाऱ्या टोकासाठी थोडं वाढवा. तिच्या वयाला हे साधारण २९ ते ३१ इंचांच्या दरम्यान येईल. मग दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी चेंडू धरून तिला तो सोडायला सांगा. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या इंचभर आत, पायांच्या बाजूला पडला तर उभं राहणं ठीक आहे. फार आत पडला तर ती चेंडूपासून लांब आहे. पटर हातात आल्यावर फेसवर टाल्कम पावडर शिंपडून वीस पट मारू द्या. ठसे मधोमध एका ठिकाणी उमटतात की हील किंवा टोच्या बाजूला पसरतात, ते डोळ्यांना दिसतं. फरशीच्या दोन लाद्यांमधल्या रेघेवर पटर हलवायला सांगितलं तर तिचा स्ट्रोक सरळ मागे-पुढे जातो की कमानीत आत वळतो, तेही कळतं. सरळ जाणाऱ्याला साधारण फेस वर राहणारा पटर बरा पडतो, कमानीत जाणाऱ्याला टो झुकणारा. पटर बोटावर आडवा तोलला की तो कुठल्या जातीचा ते लगेच समजतं. व्हिडिओ काढाल तर फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने काढा. पुढचा कॅमेरा चित्र आरशासारखं दाखवतो आणि डावी मुलगी उजवी दिसते. मी एकदा असाच फसवा व्हिडिओ प्रशिक्षकांना पाठवला होता आणि त्यांनी आठवडाभर मला उलट्या सूचना दिल्या.

लायबद्दल फार काळजी करू नका. पटरला लॉफ्ट तीन-चार अंशच असतो, त्यामुळे टो थोडा उचललेला असला तरी चेंडूची दिशा फारशी बिघडत नाही. डावीकडून खेळणाऱ्याचा चेंडू जरासा उजवीकडे जातो, इतकंच. लांबी चुकली तर मात्र उभं राहणंच बिघडतं, आणि लहानपणी बिघडलेला पवित्रा सुटायला फार वर्षं लागतात.

एक सांगायचं राहिलं. मोठ्या माणसाचा पटर कापून तिला देणार असाल तर ग्रिप बदला, तिच्या मुठीला ती जाड होईल. माझा तो साडेचौतीस इंची पटर कपाटात तसाच पडून आहे. नात डावीकडे उभी राहिली तर तिचं माप इथेच प्रतिक्रियेत लिहा, मी तो कापून, ग्रिप बदलून तिच्यासाठी तयार करते. दांडा इतका आखूड झाला की डोक्याचं वजन हाताला जाणवेनासं होतं, तेव्हा तळाला शिशाची पट्टी चिकटवून बघू. आणि उजवीकडे उभी राहिली तर तेही कळवा, म्हणजे लेखात तुमच्या बाजूचं एक उदाहरण मी जोडीन.